टेक्निकल फाऊलची शिक्षा न्याय्य आहे का? या विषयावरील वादाची तयारी कशी करावी

वादविवाद स्पर्धेत खेळाचा विषय निघाला की बहुतेक वेळा एक वक्ता शिस्तीचे महत्त्व सांगतो, दुसरा पंचांच्या चुकांचा पाढा वाचतो, आणि ज्या नियमावर वाद व्हायचा तो नियम दोघांच्याही भाषणात एकदाही नीट सांगितला जात नाही. बास्केटबॉलमधील टेक्निकल फाऊलच्या शिक्षेबाबत तर हे हमखास घडते. मी फोंडा तालुक्यातील एका हायर सेकंडरीत शिकवतो, मुलांना वादविवादासाठी तयार करतो आणि गेली अनेक वर्षे शालेय सामन्यांत स्कोअररच्या टेबलावरही बसत आलो आहे. या दोन्ही कामांतून मला जे उमगले ते ही तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी येथे लिहीत आहे. या विषयावर चांगला वाद होऊ शकतो, कारण दोन्ही बाजूंकडे खरोखर भक्कम मुद्दे आहेत. मात्र ते मुद्दे नियमपुस्तिकेत आणि स्कोअरशीटवर शोधावे लागतात, सुभाषितांत ते सापडत नाहीत.

पहिली सूचना शब्दाची आहे. ‘टेक्निकल फाऊल’ याचे ‘तांत्रिक चूक’ असे भाषांतर करू नका. मराठीत ‘तांत्रिक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘तांत्रिक कारणास्तव अर्ज फेटाळला’ अशी वाक्ये येतात, म्हणजे चूक नावापुरती आहे आणि तिच्यासाठी शिक्षा करणे हा हट्ट आहे, असे आधीच ठरून जाते. प्रत्यक्षात टेक्निकल फाऊल म्हणजे अंगाला धक्का न लागता केलेला, वागणुकीशी संबंधित अपराध. पंचांशी उद्धटपणे बोलणे, प्रेक्षकांना चिथावतील असे हातवारे करणे, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांसमोर हात नाचवून त्याला दिसू न देणे, बास्केट झाल्यावर मुद्दाम चेंडूला हात लावून खेळ लांबवणे, रिंगला लोंबकळणे, धक्का लागल्याचे सोंग करून पडणे, ही सगळी त्याची उदाहरणे आहेत. या यादीत शिवराळ बोलणे आणि चेंडू बाजूला सारणे एकाच रांगेत उभे आहेत, हे ध्यानात ठेवा. पुढे सगळा वाद याच जागी येऊन थांबतो.

दुसरी सूचना नियमसंहितेची. भारतातील सामने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनी खेळले जातात. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगचे नियम वेगळे आहेत आणि तिथल्या महाविद्यालयांचे आणखी वेगळे. मुले दूरदर्शन संचावर किंवा मोबाइलवर एनबीए पाहतात आणि तिथला दंड आपल्या मैदानावर लागू आहे असे समजून बोलतात. परीक्षकांपैकी एखादा खेळाडू निघाला, तर पहिल्या मिनिटातच भाषणाचा पाया निसटतो. म्हणून प्रस्ताव लिहितानाच संहितेचे नाव घाला.

फिबाची शिक्षा थोडक्यात अशी आहे. टेक्निकल फाऊल झाला की प्रतिस्पर्धी संघाला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकून एक गुण मिळवण्याची संधी मिळते. हा फ्री थ्रो कोणी घ्यायचा हे तो संघ ठरवतो, म्हणजे अर्थातच सर्वांत चांगला नेम असलेला खेळाडू पुढे येतो. त्यानंतर ज्या संघाकडे चेंडू होता किंवा यायचा होता, त्याच संघाकडून खेळ पुढे सुरू होतो. खेळाडूचा टेक्निकल फाऊल त्याच्या पाच फाऊलमध्ये (पाच झाले की तो पुढे खेळू शकत नाही) मोजला जातो आणि संघाच्या त्या क्वार्टरमधील, म्हणजे सामन्याच्या त्या चौथ्या हिश्श्यातील, फाऊलमध्येही मोजला जातो. एकाच खेळाडूचे दोन टेक्निकल झाले, किंवा एक टेक्निकल आणि एक अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल झाला, तर त्याला उरलेल्या सामन्यातून बाहेर जावे लागते. प्रशिक्षकाच्या स्वतःच्या वागण्याबद्दलचा फाऊल ‘सी’ या अक्षराने आणि बेंचवरील इतरांच्या वागण्याबद्दलचा ‘बी’ या अक्षराने प्रशिक्षकाच्याच नावावर लिहिला जातो. दोन ‘सी’ झाले, किंवा ‘बी’ धरून एकूण तीन झाले, की प्रशिक्षक बाहेर. हे ‘सी’ आणि ‘बी’ मात्र संघाच्या फाऊलमध्ये मोजले जात नाहीत.

अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल हा अंगाला धक्का लागून होणारा वेगळा अपराध आहे आणि त्याची शिक्षा दोन फ्री थ्रो व चेंडूचा ताबा अशी आहे. या दोहोंची सरमिसळ करणारा वक्ता मी जवळजवळ दरवर्षी ऐकतो.

आता माप. ‘शिक्षा जड आहे’ किंवा ‘शिक्षा हलकी आहे’ असे म्हणण्याआधी ती गुणांत मोजून दाखवा, कारण बास्केटबॉलमध्ये हे सहज करता येते आणि सभागृहात आकड्याला उत्तर देणे विशेषणाला उत्तर देण्यापेक्षा कठीण असते. समजा प्रतिस्पर्धी संघातील सर्वोत्तम नेमबाज शंभरांतील पंचाहत्तर फ्री थ्रो बास्केटमध्ये घालतो. मग एका फ्री थ्रोची किंमत 0.75 गुण झाली. मोठ्या पातळीवरच्या खेळात एका ताब्यातून, म्हणजे चेंडू एकदा हाती आल्यापासून तो जाईपर्यंत, सरासरी एक गुण किंवा त्याहून किंचित अधिक मिळतो, असे धरून चालता येते. या दोन आकड्यांवर नियमाचा इतिहास मांडून पाहा. 2014 च्या आधी फिबाची शिक्षा दोन फ्री थ्रो आणि ताबा अशी होती, म्हणजे सुमारे अडीच गुण. 2014 मध्ये ती एक फ्री थ्रो आणि ताबा अशी झाली, म्हणजे पावणेदोन. 2018 च्या नियमपुस्तिकेपासून ताबाही गेला आणि पाऊण गुण उरला. चार-पाच वर्षांत शिक्षा मूळच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरली, ही एकच गोष्ट आकड्यांसह सांगता आली तर अनुकूल बाजूचा अर्धा पाया तयार होतो.

यात एक बारकावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ताबा देण्याच्या जुन्या नियमात शिक्षेचे वजन योगायोगावर अवलंबून होते. फाऊल झाला तेव्हा चेंडू अपराधी संघाकडे असेल, तर त्याला फ्री थ्रोचे गुण आणि शिवाय चेंडू असे दोन्ही गमवावे लागत. पण चेंडू आधीच प्रतिस्पर्ध्याकडे असेल, तर ताबा गेल्याचे त्याला काहीच वाटत नसे, कारण तो त्याच्याकडे नव्हताच. त्याच माणसाने तोच शब्द तोच आवाज चढवून उच्चारला, तरी दहा सेकंद आधी की दहा सेकंद नंतर यावर शिक्षा ठरत असे. आजच्या नियमात हा भेद उरलेला नाही. न्याय्यपणाची अगदी प्राथमिक अट, म्हणजे सारख्या अपराधाला सारखी शिक्षा, या बदलाने बऱ्याच अंशी पूर्ण झाली, असे अनुकूल बाजूने ठामपणे म्हणावे.

प्रतिकूल बाजूनेही हाच हिशेब हाती घ्यावा, पण तो शाळेच्या मैदानावर आणावा. चौदा वर्षांखालील संघातील उत्तम नेमबाज दहांपैकी चारच फ्री थ्रो बास्केटमध्ये घालत असेल, तर तिथे टेक्निकल फाऊलची किंमत 0.4 गुण इतकीच राहते. म्हणजे फ्री थ्रोच्या रूपातली शिक्षा लहान मुलांसाठी हलकी होते, पण पाच फाऊलची आणि दोन टेक्निकलची मोजणी मात्र त्यांच्यासाठी मोठ्यांइतकीच कडक राहते. शिवाय खेळाडूचा टेक्निकल संघाच्या फाऊलमध्ये धरला जात असल्याने आणखी एक छुपा खर्च आहे. क्वार्टरमध्ये चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक साध्या बचावात्मक फाऊलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात; टेक्निकल हा त्या चारांपैकी एक ठरला, तर त्याचा भुर्दंड संघाला क्वार्टर संपेपर्यंत सोसावा लागतो. आणि प्रशिक्षकाचा ‘सी’ या मोजणीत येत नाही. चाळीस वर्षांच्या माणसाने टेबलासमोर येऊन आरडाओरडा केला तर संघाचा फाऊल वाढत नाही, तेरा वर्षांच्या मुलाने हात झटकले तर वाढतो. ही विसंगती सभागृहासमोर शांतपणे ठेवा. आवाज चढवण्याची गरज पडणार नाही.

हे आकडे दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नका. स्पर्धेच्या आधी एका संध्याकाळी आपल्या शाळेच्या मैदानावर जा, संघातल्या तीन मुलांना प्रत्येकी पन्नास फ्री थ्रो टाकायला सांगा आणि वहीत नोंद ठेवा. भाषणात ‘आमच्या मैदानावर आम्ही दीडशे फ्री थ्रो मोजले’ असे म्हणता येणे ही वक्त्याची मोठी ताकद आहे, आणि प्रतिपक्षाने आकड्यावर शंका घेतली तर वही काढून दाखवता येते.

यानंतर ‘न्याय्य’ या शब्दाची फोड करावी. मुलांना मी चार प्रश्न वेगवेगळ्या पानांवर लिहायला लावतो. कृत्य शिक्षेला पात्र आहे का? शिक्षा कृत्याच्या प्रमाणात आहे का? शिक्षा ज्याने चूक केली त्यालाच भोगावी लागते का? आणि ती देणारा हात सर्वांना सारखा लागतो का? पहिल्या प्रश्नावर फारसा वाद होत नाही आणि त्यावर वेळ घालवू नये. पंचांना शिवीगाळ करू द्यावी असे कोणीही म्हणणार नाही. दुसऱ्यासाठी वरचा हिशेब पुरतो. खरी लढाई तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर होते, आणि तिथे काय घडते ते मी एका सामन्याच्या आठवणीने सांगतो.

काही वर्षांपूर्वी सिमेंटच्या उघड्या मैदानावर मुलांचा आंतरशालेय सामना चालला होता आणि मी स्कोअरशीट लिहीत होतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका संघाच्या मुलाने बास्केटमधून खाली आलेला चेंडू उगाच दूर ढकलला. पंचांनी त्याला ताकीद दिली आणि नियमाप्रमाणे ती प्रशिक्षकालाही कळवली, कारण अशी ताकीद एकाला दिली तरी ती सामना संपेपर्यंत सगळ्या संघाला लागू होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच संघातल्या दुसऱ्या मुलाने तसाच चेंडूला हात लावला. ताकीद दिली गेली तेव्हा तो बेंचवर पाणी पीत होता. पंचांनी दोन्ही तळहातांनी ‘टी’ची खूण केली आणि मी त्या मुलाच्या रकान्यात टी लिहून बाजूला बारीक एक घातला. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याच्याविरुद्ध ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात घेऊन जादा पावले टाकल्याची, शिट्टी झाली. त्याने चेंडू खाली ठेवला, दोन्ही हात पसरले आणि म्हटले, “कित्याक, सर?” कोंकणीतला हा ‘का?’ आमच्याकडे दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. आईला, दुकानदाराला, शिक्षकाला, सगळ्यांना तो विचारला जातो. पण तो जरा ताणून म्हटला आणि सोबत हात पसरले की त्याच शब्दाचा अर्थ ‘काय म्हणून शिट्टी मारलीत?’ असाही होतो. पंचांना दुसरा अर्थ ऐकू आला. पुन्हा ‘टी’ची खूण झाली. मी दुसरा टी लिहिला आणि त्याच्या पुढच्या चौकोनात बाहेर काढल्याची अक्षरे लिहिली. नियम सांगतो की बाहेर काढलेल्या खेळाडूने आपल्या ड्रेसिंग रूममध्ये जावे किंवा आवार सोडावे. तिथे ड्रेसिंग रूम नव्हती. मुलगा फाटकाबाहेर लावलेल्या स्कूटरांपाशी जाऊन उभा राहिला आणि उरलेला सामना त्याने कुंपणाच्या जाळीतून पाहिला.

त्या पंचांवर माझा काडीचाही आरोप नाही. दोन्ही निर्णय नियमात बसणारे होते, आणि अंतिम क्षणी बाजूला उभे राहून स्वर पारखणे सोपे नसते. तरी या एका प्रसंगात प्रतिकूल बाजूचे तीन मुद्दे एकत्र सापडतात. पहिला, ताकीद एकाला आणि शिक्षा दुसऱ्याला. दुसरा, शब्दाचा अर्थ स्वरावर आणि ऐकणाऱ्यावर अवलंबून. जिथे मैदानावर कोंकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वेळी चालतात तिथे हा धोका वाढतो. तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो: चेंडू ढकलण्याचा टी आणि बोलण्याचा टी एकाच मापाने मोजून दोन झाले की बाहेर. खेळ लांबवणे हा अपराध आहे, पण तो अपमान नाही. दोन किरकोळ गोष्टींची बेरीज एका मोठ्या गोष्टीइतकी धरली जाते.

अनुकूल बाजूने या प्रसंगाला उत्तर कसे द्यावे? डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टीला तुच्छ लेखून नव्हे. प्रथम कबूल करावे की त्या मुलावर जड ओझे पडले. मग विचारावे की ताकीद फक्त व्यक्तीला लागू असती तर काय झाले असते. बारा खेळाडूंच्या संघाने पाळीपाळीने एकेकदा चेंडू ढकलला असता आणि दर वेळी ‘माझी पहिलीच वेळ’ असे म्हटले असते. शेवटच्या मिनिटात दोन गुणांनी पुढे असलेल्या संघासाठी ते बारा ताकिदींचे भांडवल झाले असते. संघाला ताकीद हा अन्याय वाटतो, पण तो नसता तर नियमाला अर्थच उरला नसता. स्वराच्या प्रश्नावर अनुकूल बाजूने म्हणावे की उद्धटपणा मोजायचे यंत्र नाही, म्हणून तो शिक्षेबाहेर ठेवायचा का? आणि शिक्षा पाऊण गुणाची ठेवली आहे ती याच अनिश्चिततेची जाणीव ठेवून, असा युक्तिवाद करता येतो. हा युक्तिवाद मला पटतो. मोजणीच्या मुद्द्यावर मात्र अनुकूल बाजूची जागा अडचणीची आहे, कारण एनबीएने हाच भेद नियमात करून दाखवला आहे: तिथे केवळ खेळभावनेविरुद्धच्या वर्तनाचे दोन टेक्निकल झाले की खेळाडू बाहेर जातो; बचावातील तीन सेकंदांच्या नियमभंगासारखे टेक्निकल त्या मोजणीत येत नाहीत. धक्का लागल्याचे सोंग केल्यास 2023-24 च्या हंगामापासून सामन्यातच एक फ्री थ्रो दिला जातो, पण त्यामुळे कोणाला बाहेर काढले जात नाही. शिवाय तिथे टेक्निकल हा खेळाडूच्या वैयक्तिक फाऊलमध्येही धरत नाहीत. जे एका ठिकाणी जमते ते दुसरीकडे का जमू नये, या प्रश्नाचे उत्तर अनुकूल वक्त्याने आधीच लिहून ठेवावे. ‘शालेय स्कोअररला तीन प्रकारचे टी सांभाळणे अवघड जाईल’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि टेबलावर बसणारा माणूस म्हणून मी ते अगदीच फेटाळणार नाही. पण ते न्यायाचे उत्तर नाही, सोयीचे आहे, आणि प्रतिपक्षाने हे नेमके दाखवून द्यावे.

उदाहरणांचा वापर जपून करावा. तीन प्रसिद्ध प्रसंग मुलांच्या भाषणांत वारंवार येतात आणि तिन्ही वेळा ते चुकीच्या कामाला लावले जातात.

पहिला क्रिस वेबरचा. 5 एप्रिल 1993 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिशिगन संघ 71-73 असा दोन गुणांनी मागे होता, अकरा सेकंद उरले होते, आणि मिशिगनचा खेळाडू वेबर याने टाइम-आउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याची सवलत, मागितला. संघाकडे एकही टाइम-आउट उरला नव्हता. त्याबद्दल टेक्निकल लागला, नॉर्थ कॅरोलायनाला दोन फ्री थ्रो आणि चेंडू मिळाला, आणि सामना 77-71 असा संपला. ‘पाहा, एका चुकीने अजिंक्यपद गेले’ असे म्हणून मुले थांबतात. परंतु फिबाच्या नियमांत खेळाडू टाइम-आउट मागूच शकत नाही. तो प्रशिक्षकाने किंवा त्याच्या सहायकाने टेबलाकडे मागायचा असतो. म्हणजे ही घटना आपल्या मैदानावर घडणेच अशक्य आहे. प्रतिकूल बाजूने हा प्रसंग वापरायचाच असेल तर वेगळ्या कामासाठी वापरावा: त्यात उद्धटपणा नव्हता, फसवणूक नव्हती, होती ती केवळ विसरण्याची चूक, आणि तरी शिक्षा शिवीगाळीची होती. अपराधांचे प्रकार वेगळे न केल्यास काय होते, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही.

दुसरा टिम डंकनचा. 15 एप्रिल 2007 रोजी डॅलस येथे सॅन अँटोनियोचा हा अतिशय शांत समजला जाणारा खेळाडू बेंचवर बसून हसत होता, आणि पंच जोई क्रॉफर्ड यांनी त्याला दुसरा टेक्निकल देऊन बाहेर काढले. पुढे एनबीएने क्रॉफर्ड यांना उरलेल्या हंगामासाठी निलंबित केले आणि डंकनलाही 25,000 डॉलर दंड केला. प्रतिकूल वक्ता यातून ‘पंच मनमानी करतात’ असा निष्कर्ष काढतो. अनुकूल वक्त्याने त्याच प्रसंगातून उलटे दाखवावे की तिथे पंचांवरही कारवाई झाली, म्हणजे व्यवस्थेत दुरुस्तीची वाट होती. मग प्रतिकूल वक्त्याने पुन्हा उठावे आणि विचारावे: फाटकाबाहेर स्कूटरांपाशी उभ्या असलेल्या मुलासाठी ती वाट कुठे आहे? एनबीएत सामन्यानंतर टेक्निकल परत तपासून रद्द करता येतो. मार्च 2023 मध्ये लुका डॉन्चिच या खेळाडूचा हंगामातील सोळावा टेक्निकल असाच रद्द झाला, नाहीतर त्याला एका सामन्याची बंदी झाली असती. शालेय सामन्यात सोमवारी सकाळी फीत लावून पाहणारे कोणी नसते.

तिसरा एनबीएतील खेळाडू रशीद वॉलेसचा: 2000-01 च्या एका हंगामात 41 टेक्निकल. हा आकडा दोन्ही बाजू वापरू शकतात, आणि म्हणून तो आधी वापरणाऱ्याच्या नुकसानीचाच ठरतो. ‘इतके होऊनही तो सुधारला नाही, म्हणजे शिक्षा निरुपयोगी’ असे म्हटले की समोरून उत्तर येते: नंतर एनबीएने दंडाचे टप्पे बांधले, आज पहिल्या पाच टेक्निकलना प्रत्येकी 2,000 डॉलर, पुढे 3,000, मग 4,000, आणि सोळाव्याला 5,000 डॉलरसह एका सामन्याची बंदी आहे. माझा सल्ला असा की हा आकडा खंडनासाठी राखून ठेवावा.

गोव्यात एक तुलना टाळता येणार नाही, ती फुटबॉलची. पिवळे कार्ड मिळाल्याने प्रतिस्पर्ध्याला गोल मिळत नाही, मग टेक्निकलला गुण का, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर तयार ठेवा. फुटबॉलमध्ये लाल कार्डानंतर संघ दहा जणांनी खेळतो. बास्केटबॉलमध्ये बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा येतो आणि मैदानावर पाचच्या पाच राहतात. शिवाय फुटबॉलमध्ये एका गोलाने सामना ठरतो, बास्केटबॉलमध्ये एक गुण शंभरांतला एक असतो. क्रिकेटमध्ये गैरवर्तनाबद्दल प्रतिपक्षाला पाच धावा देण्याची तरतूद आहे, आणि टेक्निकलशी तिचे नाते पिवळ्या कार्डापेक्षा जवळचे आहे. तसेच गुण देऊन शिक्षा करणे या खेळाला नवे नाही, हेही सांगता येईल: जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये लिहिलेल्या मूळ तेरा नियमांत एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले तर प्रतिस्पर्ध्याला एक अख्खा गोल धरावा, असे होते.

प्रस्तावाचे शब्द आयोजकांच्या हाती असतात, पण सरावासाठी तुम्ही ते स्वतः ठरवू शकता. ‘टेक्निकल फाऊलची शिक्षा न्याय्य आहे’ हा प्रस्ताव फार पसरट आहे. ‘फिबाच्या नियमांतील एका फ्री थ्रोची शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे’ असा केला तर अनुकूल बाजू वरचढ ठरते, आणि तसे ठरणे मला योग्य वाटते. ‘शालेय स्पर्धांत खेळ लांबवण्याबद्दलचा टेक्निकल खेळाडूला बाहेर काढण्याच्या मोजणीत धरू नये’ असा केला तर प्रतिकूल विचार करणाऱ्याला ठोस मागणी मिळते. स्पर्धेत पसरट प्रस्तावच मिळाला, तर पहिल्या वक्त्याने पहिल्याच मिनिटात त्याचा अर्थ मर्यादित करावा आणि कोणत्या संहितेबद्दल, कोणत्या पातळीबद्दल बोलत आहोत हे सांगून टाकावे. दुसऱ्या बाजूने तो अर्थ अगदीच एकतर्फी नसेल तर मान्य करावा, व्याख्येवर भांडून वेळ संपवू नये.

भाषण लिहिताना आधी समोरच्याचा पूर्वपक्ष लिहावा, आणि तो इतका प्रामाणिकपणे लिहावा की समोरच्याने तो वाचून मान डोलवावी. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले आठ दिवस त्यांची बाजू कोणती हे सांगतच नाही. दोन्ही बाजूंची टिपणे प्रत्येकाने तयार करायची आणि स्पर्धेच्या चार दिवस आधी चिठ्ठी काढायची. चार मिनिटांच्या भाषणात नियम सांगायला चाळीस सेकंदांहून अधिक देऊ नयेत, हिशेबाला एक मिनिट पुरते, आणि प्रसंग सांगायचा असेल तर एकच सांगावा. खंडनात प्रतिपक्षाचे वाक्य त्याच्याच शब्दांत परत म्हणावे आणि मग उत्तर द्यावे. सभागृहातल्या सगळ्यांनी बास्केटबॉल पाहिलेला नसतो, म्हणून ‘टी’ची खूण एकदा प्रत्यक्ष हातांनी करून दाखवावी. बोलताना परीक्षकांच्या निर्णयावर, घंटा वाजवणाऱ्यावर किंवा प्रतिपक्षाच्या हसण्यावर नाराजी चेहऱ्यावर येऊ देऊ नये. या विषयावर बोलणाऱ्याचे वर्तन ऐकणारे अधिक बारकाईने पाहतात.

तालमीच्या शेवटच्या दिवशी स्कोअरशीटची एक प्रत मागून आणा, ती फलकावर लावा आणि वक्त्याला काल्पनिक सामन्यातील सहा फाऊल नोंदवायला सांगा: दोन साधे, एक अनस्पोर्ट्समनलाइक, खेळाडूचा एक टी, प्रशिक्षकाचा एक ‘सी’ आणि बेंचचा एक ‘बी’. प्रत्येक नोंदीनंतर त्याने संघाचे फाऊल किती झाले, फ्री थ्रो किती मिळणार आणि चेंडू कोणाचा हे मोठ्याने सांगावे. ज्याला हे न अडखळता सांगता येते त्याला व्यासपीठावर कोणी कोणताही प्रतिप्रश्न विचारला तरी चालेल. ज्याला येत नाही त्याने भाषणाची सुरुवात पाठ करणे तेवढ्यापुरते बाजूला ठेवून पुन्हा नियमपुस्तिका उघडावी.